डावी नळी

माझ्या वडिलांची, अण्णांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची राहिली होती. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. ठाण्यातून दोनदा निरोप येऊन गेला होता आणि आई फोनवर दर वेळी म्हणायची, "तू आलीस की बघू." शेवटी मे महिन्यात मी सोलापूरला गेले. नातू सोबत होता. अर्णव सात वर्षांचा. त्याला सुट्टी होती, पुण्यात त्याच्या आईबाबांना नव्हती.

सोलापूरचा मे जसा असतो तसाच होता. सकाळी नऊ वाजता अंगणातली फरशी पाय ठेवू देत नव्हती. आमचं घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. पूर्वी या गल्लीत शिरलं की आधी मागांचा आवाज यायचा. दिवसभर, एकसारखा, खट्-खट्, खट्-खट्. आम्हाला तो ऐकूही यायचा नाही इतका सवयीचा. आता गल्ली गप्प असते. मी रिक्षातून उतरले आणि त्या शांततेनंच आधी थकले.

आईनं लोखंडी कपाट उघडलं आणि बाजूला झाली. "तूच काढ. मी न्हाय हात लावत."

तांबड्या-पांढऱ्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली ती जड वस्तू मी खाटेवर ठेवली. गाठ सोडली आणि वास आला. तेलाचा, थंड लोखंडाचा, जुन्या लाकडाचा. सत्तेचाळीस वर्षांत इतक्या जवळून हा वास मी घेतला नव्हता. तरी माझे डोळे आपोआप मिटले.

"आजी," अर्णव कुजबुजला. "ही खरी आहे? म्हणजे खरी-खरी?"

त्याचा चेहरा मी पाहिला. ओठ थोडे उघडे, डोळे त्या दोन नळ्यांवर खिळलेले, हात पाठीमागे बांधलेले. हात लावायचा नाही हे त्याला माहीत होतं आणि हात लावल्यावाचून राहवत नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा होता. आरशात नव्हे, आतून.

माझ्या लेकीच्या, ऋचाच्या घरात खेळण्यातली बंदूक येत नाही. तो तिचा नियम आहे. वाढदिवसाला कुणी आणलीच तर ती गोड बोलून परत करते. पण अर्णव पोळी चावून चावून तिची बंदूक करतो. कंगव्याची करतो, टीव्हीच्या रिमोटची करतो, काहीच नसलं तर दोन बोटांची करतो. मग ऋचा त्याला समोर बसवते, त्याच्या डोळ्यांत बघून समजावते. माणसाला लागतं, माणूस परत येत नाही, असं सगळं. तो नीट ऐकतो, मान हलवतो, आणि पाच मिनिटांनी सोफ्यामागून "ढिश्क्यांव" असा आवाज येतो. ऋचा माझ्याकडे बघते. मी वर्तमानपत्र बघते.

आमच्या घराला गल्लीत बंदूकवाल्यांचं घर म्हणत. अण्णा माढ्याकडच्या एका खेड्यातले. फौजेतून परत आल्यावर ते एका बँकेत दाराशी बंदूक घेऊन उभे राहायच्या नोकरीला लागले. बंदूक स्वतःची असेल तरच नोकरी, म्हणून ही घेतलेली. दोन नळ्यांची, दोन घोड्यांची, दोन चापांची. उजवा घोडा उजव्या नळीचा, डावा डावीचा; जो घोडा अंगठ्यानं मागं ओढावा, तीच नळी चाप दाबल्यावर उडायची. सकाळी ते खाकी कपडे घालून, काडतुसांचा चामडी पट्टा लावून सायकलवर निघाले की गल्लीतली पोरं खेळ थांबवायची. मी मुद्दाम त्याच वेळी दारात उभी राहायची.

मला बाहुल्या आवडल्या नाहीत. भातुकलीही नाही. मला ती बंदूक आवडायची. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

रविवारी ती साफ व्हायची. सकाळी चहा झाला की अण्णा ओसरीत पोतं अंथरायचे. बंदूक मधोमध मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवायची. मग नळ्या मागून उघड्या पडायच्या. लांब गजाच्या टोकाला चिंधी बांधून ते ती नळीतून आरपार ओढायचे. चिंध्या पुरवायचं काम माझं. त्या मी शेजारच्या राजय्यामामांकडून आणायची. त्यांच्या घरात चार माग होते आणि मागाखाली सुती कचऱ्याचा नेहमी ढीग असायचा. त्यांची लक्ष्मी माझ्याच वर्गात होती. ती दोन्ही मुठी भरभरून तो मऊ कचरा मला द्यायची आणि माझ्यासोबत यायची. घरात ती तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी. आम्ही दोघी पोत्याच्या कडेला उकिडव्या बसायचो. चिंधी पांढरी आत जायची आणि काळी बाहेर यायची. शेवटी पांढरीच बाहेर आली की अण्णा म्हणायचे, "झालं. आता बघा." मग आम्ही आळीपाळीनं नळीला डोळा लावायचो. पलीकडे आभाळाचा एक गोल, निळा, चकाकता तुकडा दिसायचा. त्याहून सुंदर गोष्ट मी लहानपणी पाहिल्याचं आठवत नाही.

आईला हे खपायचं नाही. ती चुलीपुढून ओरडायची, "पोरीच्या जातीला काय करायचीय बंदूक? तिला भाकरी थापाय शिकू द्या की."

"लपवलं की पोरं हुडकत्यात," अण्णा म्हणायचे. "दाखवलेलं बरं."

"लई शानपना हाय तुमचा."

अण्णा हसायचे. मग माझ्याकडे वळून तेच शिकवायचे जे दर रविवारी शिकवायचे. नळी कधी माणसाकडं वळवायची न्हाय. रिकामी असली तरी न्हाय. आणि रिकामी हाय असं कुणीबी सांगितलं, मी सांगितलं तरी, आपल्या डोळ्यानं बघितल्याबिगर खरं मानायचं न्हाय. मी पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. पाढे मला चांगले यायचे. चौथीत मी पहिली होते.

ती गोष्ट घडली त्या दिवशी शनिवार होता. बँक अर्धा दिवस. अण्णा दुपारी घरी आले तेच तापानं फणफणलेले. डोळे लाल, ओठ सुकलेले. रोज आल्या आल्या ते आधी बंदूक मोडून काडतुसं काढायचे, मग कपाटात ठेवून कुलूप लावायचे, मग पाणी मागायचे. त्या दिवशी त्यांनी बंदूक घाईनं मोडून मिटली, दारामागच्या कोपऱ्यात उभी केली आणि तसेच खाटेवर आडवे झाले. आई औषध आणायला दवाखान्यात गेली. जाताना मला म्हणाली, "डोक्यावर पान्याची पट्टी ठेव. दंगा करू नको."

मी पट्ट्या ठेवल्या. अण्णांना झोप लागली. मग लक्ष्मी आली.

आम्ही दरोडा-दरोडा खेळायला लागलो. लक्ष्मी दरोडेखोर. तिनं तोंडाला फडकं बांधलं. मी अण्णा. अण्णा व्हायचं तर हातात बंदूक हवी. आधी मी लाटणं घेतलं. मग दारामागे बघितलं.

ती मला नीट उचलताही येत नव्हती. मी नळ्या ट्रंकेवर टेकवल्या आणि दस्ता खांद्याला लावला, अण्णा उभे राहायचे तशी. लक्ष्मीनं हात वर केले. फडक्याच्या वर तिचे डोळे हसत होते. मी घोडा मागं ओढायला लागले. दोन्ही ओढायचे होते, पण ताकद नव्हती. दोन्ही अंगठे लावून उजवा एकच ओढला. तो मागं जाऊन अडकला त्याचा एक छोटा आवाज झाला आणि लक्ष्मीचे डोळे हसायचे थांबले.

"वद्दु," ती म्हणाली. माझ्याशी ती कधी तेलुगूत बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. वद्दु म्हणजे नको. "वद्दु, वद्दु."

मला ते ऐकू आलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण ते मला नीट ऐकू आलं, आणि तिला भीती वाटतेय याची मला एक क्षण मजा वाटली. मी चाप ओढला.

खट्.

एवढंच. मागाच्या एका ठोक्याएवढा आवाज. बाहेर शंभर माग चालू होते, त्यात तो कुणाला कळणारही नव्हता. पण तापाच्या गुंगीतल्या अण्णांना कळला. ते खाटेवरून उठले कधी, आले कधी, मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. ओढली नाही, काढून घेतली. नळ्या जमिनीकडे केल्या आणि मोडली. उजव्या नळीत काही नव्हतं. डाव्या नळीतून लाल काडतूस अर्धं वर आलं.

त्यांनी ते तळहातावर घेतलं. मग ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. लक्ष्मीच्या पायांशी फरशी ओली झाली होती. तिनं तोंडावरचं फडकं काढलं, नीट घडी करून ट्रंकेवर ठेवलं आणि पळत घरी गेली. ती घडी का केली असेल तिनं? इतक्या वर्षांत मी यावर खूप विचार केला आहे.

अण्णांनी मला मारलं नाही. तासाभरानं आई आली. ती नको नको म्हणत असताना ते तशाच तापात उठले, माझा हात धरला आणि राजय्यामामांच्या घरी गेले; आई मागोमाग आली. मामांनी आम्हाला दारात पाहून माग बंद केला. त्यांच्या मागचे तिन्ही माग एकेक करून बंद झाले. अण्णांनी सगळं सांगितलं. लक्ष्मीनं घरी, मी नुसती बंदूक दाखवली, एवढंच सांगितलं होतं. डाव्या नळीचं तिला माहीतच नव्हतं. अण्णांनी तेही सांगितलं. "एकच काढलं, दुसरं काढायचं इसरलो. चूक पोरीची न्हाय, माजी हाय," ते हात जोडून म्हणाले. खाकी कपड्यातला माणूस हात जोडून उभा आहे असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

राजय्यामामांच्या केसांत, भुवयांत सुताचा भुसा अडकलेला होता. लक्ष्मी आईच्या मागे उभी होती. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अण्णा, तुमी खरं बोलले," ते म्हणाले. "दुसरा कोन बोलला नसता. पन आता आमची पोर तुमच्या घरी येनार नाही."

"व्हय," अण्णा म्हणाले. "बरोबर हाय."

घरी येताना आई रडत म्हणाली, "डाव्या नळीचं सांगायची काय गरज हुती?" अण्णा पुढे चालत राहिले.

त्या दिवसानंतर आमच्या घरात एक नवीन रीत सुरू झाली. अण्णा संध्याकाळी कामावरून आले की उंबऱ्याबाहेरच थांबायचे. आईला हाक मारायचे. आई पदराला हात पुसत यायची. ते बंदूक मोडून उजेडाकडे धरायचे, "बघ" म्हणायचे. आई वाकून दोन्ही नळ्यांतून बघायची आणि म्हणायची, "रिकामी." मगच ते आत यायचे. पावसात उभे राहायचे, पाहुणे असले तरी उभे राहायचे. एकदा आई तिच्या माहेरी गेली होती, तर शेजारच्या म्हातारीला बोलावून दाखवली. नोकरी संपेपर्यंत एक दिवस चुकला नाही. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी बघ म्हटलं नाही. रविवारचं पोतं अंथरलं जायचं, पण मी झोपेतून उठायच्या आत. मी उठायची तेव्हा ओसरीत नुसता वास असायचा.

मला मार हवा होता. मार खाऊन ते संपलं असतं असं मला वाटायचं. अण्णांनी सगळी चूक स्वतःकडे घेतली आणि माझ्या वाटणीचं मला काहीच दिलं नाही. ते मी कुठे ठेवावं ते मला कळलं नाही.

लक्ष्मी शाळेत माझा बाक सोडून दुसऱ्या बाकावर बसायला लागली. भांडण झालं नाही. समोर आली तर हसायची, पण आधी माझ्या हातांकडे बघायची. सातवीच्या सुट्टीत ते लोक माग विकून भिवंडीला गेले. सामान टेंपोत चढत होतं तेव्हा मी खिडकीत होते. खाली गेले नाही.

ठाण्यात जायला आम्ही रिक्षा केली. चादरीतली बंदूक माझ्या मांडीवर आडवी, शेजारी अर्णव, एकदम गप्प. ठाण्यातल्या टेबलामागे एक तरुण पोलीस मुलगी होती. तिनं अण्णांचा परवाना बघितला, मृत्यूचा दाखला बघितला.

"रिकामी आहे ना, मॅडम? जरा उघडून दाखवता? का मी साहेबांना बोलावू?"

"नको," मी म्हणाले.

हातांना सगळं येत होतं. नळ्या जमिनीकडे, अंगठा खटक्यावर, आणि मोडली. आत अंधार आणि तेल. इतक्या वर्षांनीही स्वच्छ. अण्णा शेवटपर्यंत साफ करत असणार. ऐंशीव्या वर्षी, एकटे. मला ते माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

सही केली, पावती घेतली. चादर त्यांनी परत दिली. बाहेर आल्यावर ऊन इतकं होतं की उभं राहवेना. नवी पेठेत एका रसाच्या दुकानात आम्ही दोघं शिरलो. घाण्याचे घुंगरू वाजत होते. पंख्याखाली बसून अर्णवनं विचारलं, "आजी, तुला बंदूक उघडता कशी येते?"

ऋचानं काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. तिनं मला विषय बदलायला सांगितलं असतं, किंवा त्याला नीट समजावलं असतं. मला समजावण्याचं बळ नव्हतं. मी त्याला घडलं ते सांगितलं. रविवारचं सांगितलं, लक्ष्मीचं सांगितलं, डाव्या नळीचं सांगितलं. वद्दु म्हणजे काय तेही सांगितलं आणि मला मजा वाटली होती तेही. ते सांगताना माझा आवाज मला परका वाटला.

तो रस प्यायचा थांबला होता. "डावा घोडा ओढला असतास तर?"

"तर लक्ष्मी गेली असती."

"मग तू तिला सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"का?"

मी मांडीवरच्या चादरीची पुन्हा घडी घातली. त्यानं थोडी वाट पाहिली, मग ग्लास उचलून उरलेला रस संपवला. घरी आल्यावर तासाभरात तो पुन्हा कंगवा घेऊन दारामागून गोळ्या झाडायला लागला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आयकत न्हाय की गं हे." मी म्हटलं, असू दे. एका दुपारीत कुणी बदलत नाही. मला नुसतं भिंतीला टेकून बसायचं होतं.

संध्याकाळी ऋचाचा फोन आला. अर्णवनं तिला सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

"आई, तू त्याला पोलीस स्टेशनला का नेलंस? आणि हे असलं का सांगितलंस? सात वर्षांचा आहे तो."

"त्यानं विचारलं," मी म्हणाले.

"मीही विचारलं होतं."

"काय?"

मग तिनं सांगितलं. ती पहिलीत असताना रंगपंचमीला तिच्या बाबांनी तिला बंदुकीच्या आकाराची पिचकारी आणून दिली होती. हिरवी. तिनं ती शेजारच्या मुलीवर रोखली. मी धावत गेले, तिच्या हातातून ती हिसकावली, सगळ्या सोसायटीसमोर तिच्या थोबाडीत मारली आणि पिचकारी गटारात फेकली. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मी काय केलं?" मी म्हणाले, काही नाही, जा आंघोळ कर.

"तेव्हापासून मी रंग खेळले नाही, आई. तुला वाटतं मला रंगाची ॲलर्जी आहे. मला वाटायचं की त्या मुलीच्या बाबतीत मी काहीतरी फार वाईट केलंय आणि ते इतकं वाईट आहे की तू ते सांगूही शकत नाहीस."

मला ती हिरवी पिचकारी आठवेना. ती थप्पडही आठवेना. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. रंगपंचम्या आठवल्या, ती सोसायटी आठवली, ऋचाच्या दोन वेण्या आठवल्या. माझा हात आठवला नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे शब्द तोंडातून काढायला फार जड गेले असं नाही. फक्त खूप उशीर झाला होता.

तिकडून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती म्हणाली, "जेवलात का तुम्ही?"

"आता बसतोय."

"त्याला भाकरी दुधात कुस्करून दे. कडक भाकरी चावत नाही त्याला."

"हो."

"औषध घेतलंस?"

"घेते."

फोन ठेवेल असं वाटलं. तिनं ठेवला नाही.

"आई, तू किती वर्षांची होतीस तेव्हा?"

"चौथीत. नऊ पुरी झाली होती."

"नऊ," ती म्हणाली. मग हलक्या आवाजात, "लहान होतीस गं."